जुनी मोटारसायकल : पारख आणि दुरुस्ती



या व्यासपीठावर आजवर तत्त्वज्ञान, अर्थकारण, संतवाङ्मय, इतिहाससंशोधन अशा भारदस्त विषयांनी हजेरी लावली आहे. त्यांच्या पंक्तीला आज एक जुनी फटफटी आणून बसवावी, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. पण तत्त्वज्ञानावाचून पुष्कळांचे दिवस बरे जातात. दुचाकीवाचून मात्र आज या सभागृहातील निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. ज्या यंत्राच्या हवाली आपण रोज आपला जीव करतो, त्याविषयी विचार करण्याचे काम सर्वस्वी मेस्त्रीवर टाकून मोकळे होणे, हे सुशिक्षितांस शोभणारे नाही.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. कारखान्यांनी ज्या गाड्या करणे केव्हाच सोडून दिले, त्याच गाड्यांची ओढ अलीकडे तरुणांत वाढली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी चिरंजीवांनी हा विषय जेवणाच्या वेळी काढलाही असेल. 'गाडी जुनी आहे, पण एंजिन झकास आहे. थोडेसे कार्ब्युरेटरचे काम आहे, इतकेच' हे वाक्य वडीलधाऱ्या मंडळींनी ऐकले असेल. आजचे आमचे सारे विवेचन म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य होय. त्या वाक्यावर विश्वासून पुष्कळांनी पैसे घालविले आहेत, आणि काहींनी हातपायही मोडून घेतले आहेत.

सर्वच जुन्या गाड्यांविषयी बोलू गेल्यास रात्र पुरणार नाही, म्हणून आम्ही उदाहरणादाखल एकच गाडी घेतो. ती म्हणजे 'राजदूत ३५०'. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली 'आर. डी. ३५०' नावाची गाडी बाजारात आणली. तीच गाडी काही फेरफार करून एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून आपल्या देशात तयार केली. त्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. दोन सिलिंडर, ३४७ सीसीचे एंजिन, सहा गिअर आणि सुमारे तीस अश्वशक्ती. ज्या काळी आपल्या रस्त्यांवर दहाबारा अश्वशक्तीची मोटारसायकल म्हणजे जलद गाडी समजली जाई, त्या काळी हे वाहन केवढे अचाट वाटले असेल, याची कल्पना करावी. ती पेट्रोल फार पीत असे, म्हणून पुढे तिची थोडी सौम्य आवृत्तीही काढण्यात आली. सौम्य म्हणजे सत्तावीस अश्वशक्तीची! तरीही ग्राहक फारसे फिरकले नाहीत. ती महाग होती आणि मायलेज विचारणाऱ्या देशात तिच्यापाशी मायलेजच नव्हते. आज तीच गाडी मोडक्या स्थितीतही लाखांच्या भाषेत बोलते. काळाचा महिमा!

या गाडीचे एंजिन टू-स्ट्रोक जातीचे आहे. ही जात नीट समजल्याशिवाय तिची पारखही होत नाही आणि दुरुस्तीही होत नाही. म्हणून श्रोत्यांनी पाचदहा मिनिटे थोडा धीर धरावा.

आजच्या बहुतेक गाड्यांची एंजिने फोर-स्ट्रोक असतात. त्यांत पिस्टन दोन वेळा खालीवर होतो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. ही घाई त्याला कशी साधते? तर ते एंजिन आपले पोटही कामाला लावते. पिस्टन वर जातो तेव्हा वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खाली, क्रँकच्या खोलीत, पोकळी उत्पन्न होऊन कार्ब्युरेटरमधून नवे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँकच्या खोलीतील ते मिश्रण दाबले जाते. आधी जळालेला धूर बाहेर पडण्याची खिडकी उघडते, मग बाजूच्या खिडक्या उघडून नवे मिश्रण वर धावते. म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर चूल पेटलेली असते आणि पायाखाली भाता चालू असतो. इंग्लंडमधील बाथ शहराच्या जोसेफ डे नावाच्या गृहस्थाने १८९१ च्या सुमारास क्रँकच्या खोलीचा भाता करण्याची ही युक्ती योजिली. लोहाराच्या भात्याला भोक पडले तर काय होते, हे आपण सर्व जाणतो. टू-स्ट्रोकचेही तेच होते.

फरक एवढाच की, लोहाराच्या भात्याचे भोक दिसते, एंजिनाचे दिसत नाही. फोर-स्ट्रोक एंजिनाच्या खालच्या खोलीत ऑइल भरलेले असते. तिथले सील फाटले तर ऑइल जमिनीवर ठिबकते, घरातील मंडळी फरशी काळी झाल्याची तक्रार करतात आणि मालक गाडी मेस्त्रीकडे नेतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइल भरून ठेवता येत नाही, कारण तो मिश्रणाचा रस्ता आहे. तेथील सील हवा धरून ठेवण्यासाठी असते. ते झिजले की बाहेरची हवा आत शिरते. जमिनीवर डाग पडत नाही आणि घरातून तक्रारही येत नाही. पण मिश्रणात हवा वाढते, पेट्रोलचा अंश घटतो, स्फोट अधिक तापट होतो आणि पिस्टन फुगू लागतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये मोकळी जागा असते ती जेमतेम माणसाच्या केसाएवढी. ती संपली की पिस्टन पकडतो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात असे झाले तर मागचे चाक जागच्या जागी थबकते. बोटे क्लचवर असली आणि ती वेळेवर मिटली, तर स्वार वाचतो.

म्हणून आमचे आजचे मुख्य म्हणणे असे आहे : जुन्या टू-स्ट्रोक गाडीचे बहुतेक घातक आजार हे श्वासाचे आजार असतात, आणि श्वासाचा आजार कार्ब्युरेटरच्या स्क्रूने बरा होत नाही.

श्वास म्हटला की आत घेणे आले, तसे बाहेर टाकणेही आले. टू-स्ट्रोकचा उच्छ्वास हे एक नवलच आहे. धूर बाहेर पडतो तेव्हा सायलेन्सरच्या नळीतून दाबाची एक लाट धावत जाते. नळी पुढे रुंद होत गेली तर त्या लाटेतून उलट ओढ निर्माण होऊन सिलिंडर लवकर रिकामा होतो. आणि नळी पुन्हा निमुळती झाली तर लाट आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे नवे मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतील एम. झेड. कारखान्याचे वॉल्टर काडेन यांनी १९५० नंतरच्या दशकात या विद्येचा कळस केला. त्यांच्या हाती पैसा थोडा आणि साधने जुजबी होती, तरी त्यांच्या गाड्या शर्यतीत श्रीमंत देशांच्या गाड्यांना घाम फोडीत. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ च्या सप्टेंबरात स्वीडनमधील शर्यतीनंतर मायदेशी परतला नाही. तो पश्चिमेकडे निघून गेला आणि ही विद्या सुझुकी कंपनीकडे पोचली. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला! ज्याला आपण 'नळकांडे' म्हणतो, त्याच्या आतील उतारांसाठी अशी राजकारणे घडली आहेत.

हे पुराण सांगण्याचा हेतू इतकाच की, आवाज मोठा व्हावा म्हणून सायलेन्सरच्या आतील जाळी काढून फेकणारे पुष्कळ आहेत. त्यांना वाटते, धुराची वाट मोकळी झाली की शक्ती वाढली. वस्तुतः मोजून मापून बसविलेली परतीची लाट बिघडते आणि शक्ती बहुधा कमीच होते. वाढतो तो आवाज, आणि शेजाऱ्यांचा रोष.

आता पारखेकडे वळू. गाडी पाहण्यास जाताना विकणाऱ्यास एकच विनंती करावी : आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर प्रथम एंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर समजावे की, सकाळच्या थंड एंजिनाचे गाऱ्हाणे आपल्याला ऐकू येऊ नये अशी व्यवस्था झालेली आहे. थंड एंजिन दोनचार किकांत सुरू व्हावे. सुरुवातीचा निळसर धूर पाहून घाबरू नये. टू-स्ट्रोक ऑइल जाळतेच. एंजिन तापल्यावर तो धूर बराच विरळ झाला पाहिजे. तो पांढरा, दाट आणि सतत येत राहिला तर गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी पाहावी. उजवीकडे, क्लचच्या बाजूस, जे सील असते ते गेले की एंजिन गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढून जाळू लागते. 'ऑइल कुठे गळत नाही, पण कमी मात्र होते' असे मालक कौतुकाने सांगू लागला, तर त्याचे कौतुक ऐकून घ्यावे आणि किंमत कमी करावी.

डावे सील गेले तर धूर येत नाही. तेथे खूण निराळी असते. एंजिन चांगले तापल्यावर मूठ एकदा पिळून सोडावी. रेस ताबडतोब खाली आली पाहिजे. ती वरच रेंगाळली आणि मग सावकाश उतरली, तर कोठून तरी आगंतुक हवा आत येत आहे असे समजावे. कधी ती फुटलेल्या सीलमधून येते, कधी कार्ब्युरेटरमागच्या तडकलेल्या रबरातून, कधी सिलिंडरखालच्या पॅकिंगमधून.

या गाडीला सिलिंडर दोन. म्हणजे ही जणू एका चौकटीत राहणारी दोन बिऱ्हाडे. एकाचा स्वयंपाक बिघडला तरी दुसरे काही काळ घर चालविते, आणि पाहुण्याला वाटते, सर्व ठीक आहे. म्हणून दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवून पाहावेत. टोकाचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. एक तपकिरी आणि दुसरा पांढराफटक असेल तर पांढऱ्या बाजूला हवा जास्त आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, किंवा ठिणगी अशक्त. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मापकाने पाहावे. आकड्यापेक्षा दोहोंतील फरक महत्त्वाचा. तो फार असेल तर एका बाजूच्या रिंगा किंवा पिस्टन संपत आले आहेत.

सिलिंडर कितव्यांदा बोअर केला आहे, हे अवश्य विचारावे. प्रत्येक बोअरला सिलिंडर सामान्यतः पाव मिलिमीटरने रुंद होतो आणि अशा पायऱ्या चारच्या आसपास असतात. प्रत्येक बोअर म्हणजे ठेवीतून काढलेली रक्कम. शेवटच्या पायरीवरची गाडी घेणे म्हणजे संपत आलेले पासबुक विकत घेणे होय.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण विषय रुक्ष असला तरी त्यावाचून सर्व व्यर्थ आहे. चौकटीवर आणि एंजिनावर ठोकलेले नंबर आर. सी. बुकाशी ताडून पाहावेत. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला की नमस्कार करून परत यावे. नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण व्हावे लागते; ते झालेले आहे का, हे पाहावे. हस्तांतराचे नमुने २९ व ३०, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतील गाडी असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला, आणि विमा ही सारी पूर्तता व्यवहाराबरोबरच करावी. 'नाव मागाहून लावू' या वाक्यावर सोडलेली गाडी अपघातानंतर जुन्या मालकाच्या दाराशी उभी राहते, हे विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

आता दुरुस्ती. येथे आम्ही आमच्याकडे आलेल्या एका गाडीचा वृत्तान्त देतो, कारण त्यात सर्व रोग सोईने एकत्र आले होते. गाडीचा रंग झळझळीत, बैठक नवी, आरसे चकचकीत. गाडी तापली की रेस रेंगाळत असे, आणि डावा प्लग पांढरा पडे. विकणारा गृहस्थ लबाड नव्हता. 'कार्ब्युरेटर ट्यून केला की झाले' असे त्याला त्याच्या मेस्त्रीने सांगितले होते आणि तेच त्याने आम्हांस सांगितले. आम्ही एंजिनाचे पूर्ण काम गृहीत धरूनच किंमत ठरविली आणि गाडी घेतली.

दोन्ही कार्ब्युरेटर उघडले तेव्हा एक गंमत दिसली. उजव्या बाजूचा मुख्य जेट नेहमीच्या मापाचा होता, आणि डाव्या बाजूचा दोन पायऱ्या मोठा! जुळ्या एंजिनाच्या दोन बाजूंना दोन मापांचे जेट का असावेत? उत्तर उघड होते. पूर्वीच्या कोणा मेस्त्रीला डावी बाजू तापते हे कळले होते. जादा हवा कोठून येते हे शोधण्याऐवजी त्याने जादा पेट्रोल सोडले. म्हणजे छप्पर गळते म्हणून खाली मोठे घमेले ठेवले. भरधाव वेगात घमेले पुरले. पण मंद वेगात, जेथे मुख्य जेटचा संबंध नसतो, तेथे गळती तशीच राहिली. जुन्या गाडीवर आधी झालेले उपचार नीट वाचले, तर तेच रोगाचे नाव सांगतात.

मग आम्ही दाबाची परीक्षा केली. ही परीक्षा साधी आहे आणि प्रत्येक टू-स्ट्रोकवाल्याने ती समजून घ्यावी. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून एंजिनाची येण्याजाण्याची तोंडे रबरी बुचांनी बंद करावयाची, प्लग घट्ट लावावयाचे, आणि एका बुचातील नळीतून सायकलच्या पंपाने अगदी हलके, सुमारे सहा पौंड दाब द्यावयाचा. याहून अधिक देऊ नये, नाहीतर चांगले सीलही जागचे हलते. दाबाचा काटा पाच-सहा मिनिटे स्थिर राहिला पाहिजे. आमचा काटा अर्ध्या मिनिटात खाली बसला. साबणाचे पाणी लावून पाहिले तेव्हा डाव्या सीलपाशी, मॅग्नेटच्या मागे, फुगे आले. आणि डाव्या कार्ब्युरेटरच्या रबरावरही एक बारीक रांग उठली. त्या रबराची चीर बोटाने वाकविल्याशिवाय दिसतही नव्हती. इतकी वर्षे ज्या रोगावर स्क्रू पिळले जात होते, तो असा दोन आण्यांच्या साबणाने सापडला.

एंजिन खाली उतरविले. सर्व सील, सर्व पॅकिंग आणि दोन्ही रबरे नवी घातली. क्रँकची बेअरिंगे हाताला खरखरीत लागली म्हणून तीही बदलली, कारण बेअरिंग हलत असेल तर नवे सील चार दिवसांत जुने होते. कार्ब्युरेटरच्या मागे असणाऱ्या रीडच्या पोलादी पाकळ्या उजेडासमोर धरून पाहिल्या. मिश्रण आत येऊ देणाऱ्या आणि परत जाऊ न देणाऱ्या या झडपा होत. पाकळी आणि बैठक यांच्यामधून उजेड दिसू नये आणि कड तुटलेली नसावी, कारण तुटलेला तुकडा सरळ एंजिनाच्या पोटात जातो. आमच्या सुदैवाने त्या शाबूत होत्या. धुराच्या खिडकीत साचलेला कोळशाचा थर खरवडून काढला, सायलेन्सरची जाळी धुऊन परत जागेवर बसविली, डावा जेट मूळ मापाचा घातला आणि दाबाची परीक्षा पुन्हा घेतली. काटा स्थिर राहिला. त्यानंतरच पुढचे काम हाती घेतले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. श्वास बंदिस्त झाल्याशिवाय टाइमिंग लावण्यात अर्थ नाही, आणि टाइमिंग लावल्याशिवाय कार्ब्युरेटर लावण्यात अर्थ नाही. या गाडीला प्रत्येक सिलिंडरचा वेगळा पॉइंट आहे, आणि पिस्टन माथ्यावर पोचण्यापूर्वी सुमारे दोन मिलिमीटर खाली असताना ठिणगी पडावी लागते. ते अंतर डायल गेजने, दोन्ही बाजूंना वेगवेगळे, मोजून लावावे लागते. कानाने टाइमिंग लावणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या कानाविषयी आम्हांस आदर आहे; पण ठिणगी फार आधी पडू लागली तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडते, आणि ते भोक पडण्याचा आवाज उस्तादाच्या कानी वेळेवर येत नाही.

मग कार्ब्युरेटर. मुठीपासून निघालेल्या तारेला पुढे तीन फाटे फुटतात : दोन कार्ब्युरेटरांना आणि तिसरा ऑइलच्या पंपाला. दोन्ही कार्ब्युरेटरांचे पडदे एकाच क्षणी उचलले गेले पाहिजेत, नाहीतर एक बैल ओढतो आणि दुसरा गाड्याबरोबर नुसता चालतो. तिसऱ्या फाट्याकडे मात्र कोणी पाहत नाही. टाकीतील ऑइल हा पंप मुठीच्या आणि वेगाच्या प्रमाणात एंजिनात सोडतो. तार लांबली की पंप मागे राहतो आणि ऑइल कमी पडते. त्यावर जुना धोपट उपाय म्हणजे पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणे. तो उपाय अगदी त्याज्य आहे असे नाही. पण खंबाटकीचा किंवा कात्रजचा घाट उतरताना मूठ मिटलेली आणि एंजिन वेगात फिरणारे अशी अवस्था असते. त्या वेळी पेट्रोल थोडे जाते, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलही तितकेच थोडे जाते. पंप शाबूत असेल तर मूठ मिटलेली असतानाही तो थोडेथोडे ऑइल देत राहतो. म्हणून पंपाच्या खुणा जुळवाव्यात, नळीतील हवेचे बुडबुडे काढावेत आणि पंप ठेवावा, असे आमचे मत आहे.

आजच्या काळाची म्हणून एक अडचण आहे, ती या गाड्या जन्मल्या तेव्हा नव्हती. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुनी रबरे फुगविते आणि मिश्रणात हवेचे प्रमाण थोडे वाढल्यासारखा परिणाम करते. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या व कार्ब्युरेटरची रबरे आजच्या इंधनाला टिकणारी घालावीत, गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये, आणि प्लगचा रंग पाहून जेट पायरीपायरीने ठरवावा. श्वास बंदिस्त झाल्यावर जेट बदलणे हा विचार होय. त्याआधी बदलणे म्हणजे घमेले ठेवणे होय.

एवढे सगळे सांगितले, पण या कामाच्याही आधी करावयाचे काम म्हणजे ब्रेक. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडील गाडीला ड्रम आला. दीडशे किलोच्या घरातील वजन, तीस अश्वशक्ती आणि ड्रम. शिवाय टू-स्ट्रोक एंजिन मूठ सोडल्यावर गाडीला फारसे रोखून धरीत नाही. म्हणून ड्रम गोल आहे का, लायनिंगवर ऑइल आलेले नाही ना, तारा अडकत नाहीत ना, टायर किती वर्षांचे आहेत, हे पाहिल्याशिवाय एंजिनावर रुपया खर्चू नये. धावू शकणाऱ्या गाडीच्या आधी थांबू शकणारी गाडी तयार करावी. खर्चाचा क्रमही आम्ही असाच सांगू : प्रथम ब्रेक व टायर, मग श्वास, मग ठिणगी, मग कार्ब्युरेटर, आणि सर्वांत शेवटी रंग. बाजारात हा क्रम बरोबर उलटा चालतो, कारण रंग दिसतो आणि सील दिसत नाही.

कोणी विचारील, ही सारी यातायात एका धूर सोडणाऱ्या जुन्या यंत्रासाठी कशाला? प्रश्न रास्त आहे. टू-स्ट्रोकमध्ये धुराबरोबर काही न जळलेले मिश्रणही बाहेर निसटते. हा त्याच्या रचनेतलाच दोष आहे. आपल्या देशात १९९१ पासून धुराचे नियम आले, १९९६ व २००० साली ते अधिक कडक झाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच या जातीच्या नव्या मोटारसायकली आपल्या रस्त्यांवर येणे थांबले. ते योग्यच झाले. हजारो माणसे रोज ज्या वाहनाने कामाला जातात, ते वाहन असे असू नये. राहिलेल्या थोड्या गाड्या मात्र दुरुस्त स्थितीत आहेत की नादुरुस्त, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ऑइलचे माप बरोबर, सील शाबूत आणि सायलेन्सर मूळचा असेल, तर ती गाडी शेजाऱ्याला सुसह्य होते. जाळी काढलेली, गिअरबॉक्सचे ऑइल जाळणारी गाडी रात्री अकरा वाजता गल्लीतून नेणे हे यंत्रप्रेम नव्हे; तो शेजाऱ्यांवर काढलेला राग आहे. शिवाय गाडीच्या रचनेत मनमानी फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा प्रतिबंध आहे, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा ज्या घरी हा विषय निघाला असेल, तेथील वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे असे की, एकदम नकार देऊ नये. चिरंजीवांना किंवा चिरंजीविनींना तीन प्रश्न विचारावेत. एक : गाडीच्या किमतीखेरीज एंजिन उघडण्याचे आणि ब्रेकचे पैसे वेगळे ठेवले आहेत का? दोन : दाबाची परीक्षा करणारा मेस्त्री कोण, आणि तो काम करीत असताना तू शेजारी उभा राहून पाहणार आहेस का? तीन : गाडी उघडलेल्या स्थितीत तीन महिने अंगणात पडून राहिली, तर तुझा धीर टिकेल का? या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरे आली, तर परवानगी द्यावी. असे काम शेजारी बसून पाहिलेला मुलगा पुढे घरातील पंप, शेतातील मोटर किंवा स्वतःची प्रकृती यांपैकी काहीही बिघडले, तरी आधी कारण शोधतो आणि मग उपाय करतो. ही सवय महाविद्यालयात शिकवतात असे म्हणतात. अंगणातही ती शिकता येते.

आणि उत्तरे सरळ आली नाहीत, तर गाडी दुसऱ्या कोणासाठी सोडून द्यावी. अशा गाड्या नव्याने होणार नाहीत. सिलिंडरच्या बोअरच्या पायऱ्या मोजक्याच आहेत. अज्ञानाने पकडलेला प्रत्येक पिस्टन त्यांतली एक पायरी कायमची खातो, आणि कधी कधी त्याबरोबर एक तरुण माणूसही. दोन आण्यांचा साबण आणि अर्ध्या तासाचा धीर यांनी जे टळते, ते घडू देऊ नये, एवढ्याचसाठी आम्ही आपला वेळ घेतला.